उष्णोदकाचे अंदाजपत्रक

ऊन पाण्याने स्नान करण्याची आवड ही माणसाच्या अत्यंत जुन्या आवडींपैकी एक असावी. पृथ्वीने ज्या ज्या ठिकाणी स्वतःच पाणी तापवून वर पाठविले, त्या त्या ठिकाणी माणसाने आधी कुंड बांधले आणि मागाहून देऊळ. आपल्या कोकणात वज्रेश्वरी-गणेशपुरीची कुंडे आहेत, उन्हवरे आहे, तुरळ-आरवलीचे झरे आहेत; खानदेशात उनपदेव आहे. तेथे जळण लागत नाही, बिल येत नाही आणि रांगेत उभे राहणाऱ्याची जातपात पाण्याला कळत नाही. परंतु भूगर्भातील ही उष्णता सर्वांच्या वाट्याला येत नाही. उरलेल्यांनी तांब्याचा बंब केला, चुलाण घातले, मोठे तपेले चढविले. नरकचतुर्दशीच्या पहाटे बंबाच्या नळीतून निघणारा धूर आणि घंगाळातील पाण्याची वाफ यांचा मिश्र गंध ज्याच्या स्मरणात नाही, असा जुन्या पिढीतील मराठी माणूस विरळाच. मी ज्या कर्नाटकात सध्या नोकरीच्या निमित्ताने राहतो, तेथे तर दिवाळीच्या आदल्या सायंकाळी पाणी भरण्याचाच सण असतो. त्याला 'नीरु तुंबुव हब्ब' असे म्हणतात. न्हाणीघरातील हंडा घासून लख्ख करावयाचा, त्याला हळदकुंकू लावावयाचे, फुले वाहावयाची, आणि मग त्यात दुसऱ्या दिवशीच्या अभ्यंगस्नानाचे पाणी भरावयाचे, अशी तेथील रीत आहे. पाण्याला आणि ते तापविणाऱ्या पात्राला एवढा मान देणाऱ्या लोकांना त्याची किंमत ठाऊक होती, असेच म्हणावे लागेल.

आज मला याच किमतीविषयी आपल्याशी चार शब्द बोलावयाचे आहेत. मात्र बंबाविषयी नव्हे, तर अलीकडे आपल्या सुखवस्तू घरांत ज्याची चर्चा ऐकू येऊ लागली आहे, त्या गरम पाण्याच्या हौदाविषयी. इंग्रजीत त्यास 'हॉट टब' म्हणतात. चार माणसे गळ्याइतक्या पाण्यात बसू शकतील असे हे एक मोठे पात्र असते. त्यात विजेची शेगडी असते, पाणी खेळविणारा पंप असतो आणि अंगावर पाण्याचे झोत सोडणाऱ्या नळ्या असतात. या झोतांचा जन्म चैनीतून झाला नाही, हे सांगितलेच पाहिजे. कॅलिफोर्नियात जकुझी नावाचे इटालियन वंशाचे बंधू शेतीच्या पाण्याचे पंप करीत असत. त्यांपैकी कांदिदो जकुझी यांच्या लहान मुलास संधिवाताने ग्रासले, तेव्हा त्याच्या सांध्यांना घरच्या घरी आराम मिळावा म्हणून त्यांनी टबात सोडता येईल असा एक पंप तयार केला. 1956 मध्ये तो बाजारात आला. पुढे 1968 मध्ये याच घराण्यातील रॉय जकुझी यांनी झोतांच्या नळ्या बसविलेला संपूर्ण टबच बनविला, आणि औषध म्हणून जन्मलेली वस्तू वैभव म्हणून विकली जाऊ लागली.

पंप करणाऱ्या घराण्याचा हा उल्लेख करताना मला माझ्या राहत्या वस्तीची आठवण होते. मी बंगळूरच्या राजाजीनगरात राहतो. चक्रवर्ती राजगोपालाचारी यांचे नाव धारण करणारी ही वसाहत स्वातंत्र्याच्या उष:काली औद्योगिक उपनगर म्हणून आखली गेली. तिच्या कडेलाच, मल्लेश्वरमच्या बाजूस, किर्लोस्कर इलेक्ट्रिक कंपनीचा कारखाना होता. नांगर आणि पंप करता करता मोठ्या झालेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या घराण्याने 1946 मध्ये बंगळुरात ही कंपनी काढली आणि रवि किर्लोस्करांनी ती वाढविली. विजेच्या मोटारी आणि रोहित्रे करण्याचे काम या मराठी घराण्याने कानडी मुलखात, कानडी कामगारांच्या हातांनी केले. आज त्या जमिनीवर उंच इमारती आणि मॉल उभे आहेत. परंतु या भागातील जुन्या वीजकारागिरांच्या बोलण्यात 'किर्लोस्कर' हा शब्द अजूनही एखाद्या प्रमाणपत्रासारखा येतो.

विजेच्या इतिहासात बंगळूरचे स्थान मोठे आहे. कावेरीच्या शिवनसमुद्र धबधब्यावर म्हैसूर संस्थानाने वीजगृह उभारले आणि 1902 मध्ये तेथील वीज सुमारे 147 किलोमीटर दूर असलेल्या कोलारच्या सोन्याच्या खाणींना मिळू लागली. तीन वर्षांनी, 1905 मध्ये, बंगळूरच्या रस्त्यांवर विजेचे दिवे लागले. पुढे याच कावेरीचे पाणी पिण्यासाठी या शहरात आले. 1974 च्या सुमारास तिची पहिली योजना पुरी झाली. सुमारे 100 किलोमीटर अंतरावरून आणि जवळजवळ 500 मीटर उंची चढवून हे पाणी शहरात आणले जाते. म्हणजे राजाजीनगरातील न्हाणीघरात जेव्हा आपण नळ सोडतो आणि कळ दाबतो, तेव्हा पाण्याच्या व विजेच्या रूपाने दुहेरी श्रम आपल्यासाठी राबत असतात. याचा हिशेब मी पुढे मांडणार आहे.

आता प्रत्यक्ष प्रकरणाकडे वळतो. माझी आई सीमाभागातील, निपाणीकडची. वय पंच्याहत्तरीच्या पुढे. गुडघे दुखतात, आणि थंडीच्या दिवसांत बोटे आखडतात. ऊन पाण्याच्या शेकाने तिला बरे वाटते, हे डॉक्टरांनीही मान्य केले आहे. माझा धाकटा भाऊ अमेरिकेत असतो. त्याने एके दिवशी दूरध्वनीवरून सांगितले, "दादा, आईसाठी हॉट टब मी घेऊन देतो. तू फक्त विजेचे तेवढे बघ." आईने हे ऐकून विचारले, "अरे, मला काय म्हशीसारखी डुंबत ठेवणार आहात का?" परंतु तिच्या स्वरात नकार नव्हता. मुलांनी आपल्या दुखण्याचा विचार केला, याचे समाधान त्यात होते.

'विजेचे तेवढे' या दोन शब्दांचा अर्थ काय, हे जाणून घेण्यासाठी मी दोन ठिकाणांहून अंदाजपत्रके मागविली. पहिले 24,000 रुपयांचे होते आणि दुसरे 86,000 रुपयांचे. सरकारी नोकरीत ज्याचे आयुष्य निविदा उघडण्यात गेले आहे, त्याला असा फरक दिसला की तो प्रथम संशय घेतो आणि मग तपशील वाचतो. मी तपशील वाचला. आजचे माझे भाषण म्हणजे वस्तुतः त्या 62,000 रुपयांच्या फरकाचे निरूपण आहे.

पहिला प्रश्न भाराचा. त्या टबातील शेगडी 6 किलोवॅटची होती आणि पंप दीड किलोवॅटचा. आपल्याकडे घरात 230 व्होल्ट दाबाची वीज येते. त्या दाबाने साडेसात किलोवॅटला सुमारे 33 अँपिअर प्रवाह लागतो. घरातील नेहमीचा 2 किलोवॅटचा गीझर जेमतेम 9 अँपिअर घेतो, आणि ज्या मोठ्या प्लगला आपण 'पॉवर पॉइंट' म्हणतो, तो 16 अँपिअरसाठी केलेला असतो. पहिल्या अंदाजपत्रकात न्हाणीघरातील अस्तित्वात असलेली अडीच चौरस मिलिमीटर जाडीची तारच पुढे वाढवावयाची होती. दुसऱ्यात मीटरपासून टबापर्यंत 10 चौरस मिलिमीटरची स्वतंत्र तार होती. अंतर 20 मीटर; जाणारी, येणारी आणि जमिनीशी जोडणारी अशा तीन तारा मिळून 60 मीटर. बारीक तारेत तांबे भरते दीड किलोहूनही कमी, आणि जाड तारेत सव्वापाच किलोंहून अधिक. तांब्याचा भाव लंडनच्या धातुबाजारात ठरतो. आपला वायरमन त्यात सूट देऊ शकत नाही.

मग जाड तार हवीच कशाला? याचे उत्तर जूलच्या नियमात आहे. तारेतून वाहणारा प्रवाह दुप्पट झाला तर तारेत निर्माण होणारी उष्णता दुप्पट होत नाही, चौपट होते. 33 अँपिअरचा प्रवाह 20 मीटर लांब बारीक तारेतून जाऊन परत आला, तर भिंतीच्या आत सुमारे 300 वॅट उष्णता सतत निर्माण होते. 10 चौरस मिलिमीटरच्या तारेत ती 75 वॅटवर येते. म्हणजे पहिल्या अंदाजपत्रकाप्रमाणे काम केले असते, तर आईचा टब न्हाणीघरात आणि एक छोटी शेगडी भिंतीच्या गिलाव्याखाली, अशा दोन शेगड्या आमच्या घरात पेटल्या असत्या. पहिलीचे पाणी दिसते. दुसरीचे काम तारेवरचे आवरण हळूहळू कडक करणे, त्याला चिरा पाडणे आणि एखाद्या मध्यरात्री सर्वांना जागे करणे एवढेच असते.

दुसरा प्रश्न मंजूर भाराचा. प्रत्येक घरासाठी वीजकंपनीने काही किलोवॅट मंजूर केलेले असतात. आमच्या घराला 3 किलोवॅटची मंजुरी होती. टब चालवावयाचा तर ती वाढविणे, एका फेजऐवजी तीन फेजची जोडणी घेणे, त्यासाठी अनामत भरणे आणि दरमहा किलोवॅटच्या हिशेबाने येणारा स्थिर आकार सोसणे हे सर्व ओघानेच येते. टब महिनाभर कोरडा पडला तरी हा आकार चुकत नाही. पहिल्या अंदाजपत्रकात याचा उल्लेखच नव्हता. 'ते कोण बघायला येते?' असे त्या गृहस्थाने हसत सांगितले. श्रोतेहो, मी स्वतः शासनाचा नोकर असल्यामुळे या वाक्याचे मर्म मला पुरेपूर ठाऊक आहे. कोणी बघायला येत नाही, हे बहुधा खरेच असते. परंतु वीज स्वतःच बघावयास येते आणि तिला लाच चालत नाही.

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, आणि तो अर्थिंगचा. दुसरे अंदाजपत्रक ज्यांनी दिले, ते पन्नाशीच्या पुढचे, परवानाधारक कानडी कारागीर. ते घर पाहावयास आले, तेव्हा टबाची जागा पाहण्याऐवजी त्यांनी होल्डरमध्ये बसविलेला एक दिवा पिशवीतून काढला. त्याच्या दोन तारा प्रथम प्लगच्या दोन खालच्या भोकांना लावल्या; दिवा लागला. मग एक तार तशीच ठेवून दुसरी वरच्या मोठ्या भोकाला, म्हणजे अर्थिंगला लावली. दिवा लागला नाही. त्यांनी तीन खोल्यांत हाच प्रयोग केला. मग म्हणाले, "सार, टबाचे मागाहून पाहू. आधी ही तार कुठे जाते ते पाहू."

ती तार परसात जात होती. भिंतीतून बाहेर पडलेली उघडी तांब्याची तार पाण्याच्या नळाला गुंडाळून वर पट्टी आवळलेली होती. घर बांधले गेले त्या काळात हे काही अनुचित नव्हते. पाण्याचा नळ लोखंडाचा असे, तो जमिनीत दूरवर पुरलेला असे, आणि जमिनीशी त्याच्याइतका घट्ट संबंध दुसऱ्या कशाचा नसे. परंतु मधल्या काळात केव्हा तरी लोखंडी नळ गंजले आणि ते काढून प्लास्टिकचे घातले गेले. नळ बदलणाऱ्याने आपले काम चोख केले. पाणी कोठे गळत नव्हते. तार मात्र प्लास्टिकला बांधलेली राहिली. प्लास्टिकमधून वीज जात नाही. म्हणजे कित्येक वर्षे आमच्या घराचा जमिनीशी असलेला संबंध तुटलेला होता, आणि घरातील प्रत्येक प्लगला तिसरे भोक असल्यामुळे तो आहे असा भास मात्र कायम होता. दिवे लागत होते, पंखे फिरत होते, पाणी तापत होते. ज्या वस्तूचे काम केवळ संकटाच्या क्षणी करावयाचे असते, ती नाहीशी झालेली एरवी कळत नाही.

याचे गांभीर्य लक्षात यावे म्हणून थोडे स्पष्ट करतो. गीझरमधील शेगडीचे आवरण जुने होऊन फुटले की तिच्यातील वीज गीझरच्या धातूच्या अंगावर आणि पाण्यात उतरते. अर्थिंग शाबूत असेल तर ती त्या सोप्या वाटेने जमिनीत जाते, मोठा प्रवाह वाहतो आणि फ्यूज उडतो. अर्थिंग नसेल तर ती वाट पाहत राहते. मग ओल्या फरशीवर अनवाणी उभे असलेले कोणी तरी नळाला हात लावते आणि तिला वाट सापडते. आपण समजतो की फ्यूज आपले रक्षण करील. परंतु 15 अँपिअरचा फ्यूज 15 अँपिअरच्या पुढे उडावयाचा. माणसाच्या शरीरातून अँपिअरचा एक अल्पसा अंश गेला तरी हृदयाची लय बिघडू शकते. घरगुती सुरक्षेसाठी जे उपकरण बसवितात, ते 30 मिलिअँपिअर गळतीला वीज तोडते. 15 अँपिअरशी ताडून पाहा: हा पाचशेवा हिस्सा झाला. फ्यूज हा तारेचा रक्षक आहे, माणसाचा नव्हे. आणि हौदात बसलेला माणूस तर नखशिखांत भिजलेला, चारी बाजूंनी पाण्याने वेढलेला आणि चटकन उठून बाजूला होण्यास असमर्थ. त्यातही तो पंचाहत्तरीचा, दुखऱ्या गुडघ्यांचा.

माणसाचे रक्षण करणाऱ्या त्या उपकरणास कारागीर 'आरसीसीबी' म्हणतात. त्याची युक्ती सोपी आणि सुंदर आहे. घरात जेवढा प्रवाह आला, तेवढाच परत गेला पाहिजे, हा हिशेब ते अखंड ठेवते. जमा आणि खर्च यांत 30 मिलिअँपिअरचा फरक पडला की ते सेकंदाच्या अल्पशा अंशात तिजोरी बंद करते. कारण परत न आलेला प्रवाह कोणाच्या तरी देहातून जात असण्याचा संभव असतो. माझ्या उभ्या हयातीत इतका तत्पर लेखापरीक्षक मी पाहिलेला नाही. पहिल्या अंदाजपत्रकात हे उपकरण नव्हते. दुसऱ्यात ते होते, शिवाय नव्या अर्थिंगचे दोन खड्डे होते, टबाच्या आसपासचे सर्व धातूचे भाग एकमेकांशी जोडण्याची तार होती, आणि टबातून हात पोहोचणार नाही एवढ्या अंतरावर वीज तोडण्याची कळ होती. 62,000 रुपयांचा फरक तो हाच. त्यातील जवळजवळ प्रत्येक वस्तू काम झाल्यावर भिंतीत, जमिनीत किंवा पेटीत जाणारी होती. डोळ्यांना दिसणारे सर्व काही दोन्ही अंदाजपत्रकांत सारखेच होते.

आपल्याकडे यासंबंधी कायदा नाही असे नव्हे. घरातील विजेचे काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्यावे, असा दंडक 1956 च्या भारतीय वीज नियमांत होता, आणि 2003 च्या वीज कायद्यानंतर जी नवी विनियमने आली, त्यांतही तो आहे. परंतु आपण घर बांधताना लादीचा रंग निवडण्यास चार दुकाने हिंडतो आणि तारेची जाडी विचारीत नाही. पाहुण्यांना आपण दिवाणखाना दाखवितो. अर्थिंगचा खड्डा आजवर कोणी कोणास कौतुकाने दाखविल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

आता तो दुहेरी श्रमांचा हिशेब. टबात 1,000 लिटर पाणी मावते असे धरू. ते 20 अंशांवरून 38 अंशांपर्यंत तापविण्यास सुमारे 21 युनिट वीज लागते. 6 किलोवॅटची शेगडी साडेतीन तास चालली पाहिजे. युनिटला 6 रुपये धरले तर एका वेळचे 126 रुपये झाले. हे ऐकून पुष्कळांना फार वाटणार नाही. परंतु दुसऱ्या मापाने मोजून पाहा. तेच 1,000 लिटर पाणी 500 मीटर उंच चढविण्यास, पंपाची आणि नळाची तूट सोडली तर, केवळ सव्वा युनिटाहून किंचित अधिक वीज पुरते. अर्धा किलोमीटर उंचीचा डोंगर चढविण्याहून पंधरापट श्रम तेच पाणी अठरा अंश तापविण्यास पडतात! उष्णता ही निसर्गाने किती महाग ठेवली आहे, याची कल्पना मला तरी या आकड्याने प्रथम आली. 2023 पासून कर्नाटकात 'गृहज्योती' योजनेखाली घरगुती ग्राहकांस त्यांच्या सरासरी वापरानुसार, कमाल 200 युनिटांपर्यंत, वीज मोफत मिळते. महिन्यात नऊ वेळा ताजे पाणी भरून हा टब तापविला, तर 189 युनिट त्यातच जातात. एका कुटुंबाचे दिवे, पंखे, रेडिओ आणि मिक्सर महिनाभर चालविण्यास शासन जेवढी कमाल वीज पुरेशी समजते, जवळजवळ तेवढी एका हौदाच्या वाफेत जावयाची.

पाणी गाळून पुन्हा पुन्हा वापरता येते आणि झाकण चांगले असेल तर उष्णताही टिकते, हे खरे आहे. पाश्चात्त्य देशांत तसेच करतात. परंतु आपल्याकडील स्नानाच्या शुचितेच्या कल्पना पाहता, कालच्या पाण्यात आज उतरण्यास आमची आई तयार होणे शक्य नव्हते. आणि 1,000 लिटर पाणी म्हणजे किती? शहरातील माणसाला दररोज 135 लिटर पाणी मिळावे, असे आपल्याकडील नियोजनाचे मान आहे. म्हणजे सात माणसांच्या दिवसभराच्या पाण्याहून ते अधिक झाले. 2024 च्या मार्चमध्ये बंगळुरात पाण्याची एवढी टंचाई पडली की पिण्याच्या पाण्याने गाडी धुण्यास आणि बागेस पाणी घालण्यास मनाई करून 5,000 रुपये दंड ठेवण्यात आला. त्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत टँकरची वाट पाहत उभ्या असलेल्या बायका मी रोज कचेरीत जाताना पाहत असे. आणखी एक गोष्ट वजनाची. 70 सेंटिमीटर खोल पाणी दर चौरस मीटरला 700 किलो भार घालते. राहत्या घराची जमीन सामान्यतः दर चौरस मीटरला 200 किलो चल भार धरून आखलेली असते. गच्चीवर टब ठेवण्याची ज्यांची हौस आहे, त्यांनी वायरमनच्याही आधी स्थापत्य अभियंत्यास गाठावे, हे बरे.

हे सर्व मी भावास सविस्तर लिहून कळविले. तोही समंजस आहे. टब आला नाही. परंतु अंदाजपत्रक वाया गेले नाही. त्या कानडी कारागिरांनी परसात अर्थिंगचा नवा खड्डा घेतला, घराच्या मुख्य पेटीत आरसीसीबी बसविली, गीझरसाठी मीटरपासून चार चौरस मिलिमीटरची स्वतंत्र तार आणली आणि प्लास्टिकच्या नळाला बांधलेली ती जुनी तार कापून माझ्या हातात दिली. खर्च 19,000 रुपये आला. तो भावाने दिला. दूरदेशीच्या मुलाने आईस दिलेली ही भेट कोणास दिसत नाही, पण ती तिच्या उशापायथ्याशी रात्रंदिवस उभी आहे. बंगळुरात घरोघरी गच्चीवर दिसतो तसा सौर बंबही आम्ही बसविला आहे. त्याचे ऊन पाणी ती घंगाळात घेते आणि त्यात पाय सोडून सकाळी अर्धा तास बसते. वीस लिटरांची एक बादली तापविण्यास अर्ध्या युनिटाहूनही कमी वीज लागते. आणि राजाजीनगरात वर्षातील बहुतेक दिवस ती सूर्यच देतो. गुडघ्यांना एवढा शेक पुरतो, असा आईचा अभिप्राय आहे.

गरम पाण्याच्या हौदास माझा विरोध आहे, असा समज कोणी करून घेऊ नये. ज्याची ऐपत आहे, ज्याच्या गावी पाणी मुबलक आहे आणि ज्याचे दुखणे तशा उपचाराची मागणी करते, त्याने तो अवश्य घ्यावा. जकुझींच्या मुलास त्याने आराम दिला, तसा आपल्याकडील कोणासही देवो. माझे म्हणणे एवढेच की, त्याची किंमत दुकानातील चिठ्ठीवर वाचू नये. सुखाचे जे उपकरण आपण घरात आणतो, त्याच्या मागे भिंतीत किती तांबे हवे, जमिनीत किती खोल खड्डा हवा आणि नदीने किती वाट चालावयास हवी, ते मोजल्यावाचून त्याची खरी किंमत कळत नाही. जो ही किंमत टाळतो, त्याच्याकडून ती माफ होत नाही. ती फक्त दुसऱ्या कोणाच्या नावे टाकली जाते, आणि तो दुसरा बहुधा घरातील सर्वांत दुबळा माणूस असतो. ओल्या फरशीवर अनवाणी उभे राहणारी म्हातारी आई असते, धुणेभांडी करणारी मोलकरीण असते, किंवा पाण्यात खेळणारे मूल असते.

म्हणून आपणांस माझी एक लहानशी विनंती आहे. आपण इंदुरास असा, बडोद्यास असा, हैदराबादेस असा की मुंबई-पुण्यास. आपले घर जुने असेल आणि त्याचे नळ मधल्या काळात बदलले गेले असतील, तर एखाद्या जाणत्या परवानाधारक कारागिरास बोलावून घराची अर्थिंगची तार कोठे जाते, एवढे पाहून घ्या. स्वतः हात घालू नका. घरात आरसीसीबी असेल तर तिच्यावर परीक्षेचे एक लहान बटण असते. महिन्यातून एकदा ते दाबा आणि वीज जाते की नाही ते पाहा. वीज गेली तर समाधान माना आणि कळ पुन्हा वर करा. न गेली तर त्याच दिवशी माणूस बोलवा. या तपासणीस अंधाराचा एक क्षण एवढाच खर्च येतो, आणि माझ्या माहितीतील सर्व अंदाजपत्रकांत याहून स्वस्त बाब मी पाहिलेली नाही.